मामूंचे कान

मामूंच्या रेकॉर्डींच्या दुकानात शिरलं की आधी दोन्ही हात दाखवावे लागत. बोटं पिवळी दिसली की ते मागच्या नळाकडे बघायचे. दुकान सांगलीच्या हळदबाजाराला लागूनच, त्यामुळे हळदीची धूळ सगळीकडे असायची. "हितल्या रेकॉर्डींस्नी लगीन न करताच हळद लागती," म्हणायचे.

मी माधवनगरच्या शाळेत शिकवते. वडील गेल्यावर त्यांचा रेकॉर्ड प्लेअर आणि चाळीसेक रेकॉर्डी माझ्याकडे आल्या. त्यातली एक सारखी एकाच ओळीवर अडकायची, म्हणून मी सुईच्या दांड्यावर रुपयाचं नाणं ठेवलं होतं. प्लेअर दुकानात नेला तेव्हा मामूंनी ते काढून माझ्या हातावर टेकवलं. "बाई, ही सुई हाय, नांगर न्हाई!" मग त्यांनी रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून खाचेत घट्ट बसलेला घाणीचा कण मला दाखवला.

त्यांची धुण्याची पद्धत साधी. बॅटरीत घालतात ते पाणी, त्यात साबणाचे दोन थेंब, आणि वापरून मऊ झालेलं मलमलीचं फडकं. खाच फिरते तसा हात गोल फिरवायचा, आडवा कधीच नाही. मग साध्या पाण्यानं धुऊन रेकॉर्ड सावलीत उभी वाळवायची. "घाई आसंल त्यानं रेडिओ ऐकावा." मला ते काम इतकं आवडलं की दर शनिवारी शाळा सुटली की मी तिकडेच जायला लागले.

अशाच एका शनिवारी विट्याचे एक गृहस्थ आले. सोनं गाळायच्या धंद्यापायी त्यांचं आयुष्य परमुलखात गेलेलं. आईच्या आवडीच्या भजनांची रेकॉर्ड घेऊन आले होते. मामूंनी ती धुतली, वाळवली, लावली आणि मान डोलावली. "आता बघा, कशी साफ झाली!"

साफ झाली नव्हती. सुरुवातीपासून बारीक खरखर येत होती. ते गृहस्थ संकोचानं खिशातून पैसे काढायला लागले. मला राहवलं नाही. "मामू, खरखर आहे अजून."

मामूंनी सुई उचलली. "फुडल्या शनवारी या," एवढंच त्या गृहस्थांना म्हणाले. ते गेल्यावर मामू हातातल्या फडक्याची घडी घालत, उलगडत बसले.

"दोन वरसं झाली, बाई. वरचे सूर आदी गेले. घरात बी कुणाला बोललो न्हाई. भैऱ्या माणसाकडं रेकॉर्ड कोण आणंल?"

 मग त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली. "आता आसं करू. हात माजे, कान तुमचे. पर माजं मन राखाय म्हणून खोटं बोलायचं न्हाई. कवाच न्हाई."

पुढची चार वर्षं आम्ही तसंच केलं. विट्याची रेकॉर्ड तीनदा धुतली. ती निर्मळ वाजली तेव्हा ते गृहस्थ डोळे पुसत होते आणि मामू माझ्याकडे बघत होते, मी मान हलवते का म्हणून.

गेल्या वर्षी त्यांनी दुकान बंद केलं आणि साताऱ्याला मुलाकडे राहायला गेले. दिवाळीच्या सुट्टीत मी भेटून आले, तीच शेवटची भेट. ऐकू येणं तोवर पार थांबलं होतं. तरी त्यांनी स्वतःची एक जुनी रेकॉर्ड लावली, अख्खी बाजू वाजवली आणि विचारलं, "कशी हाय?"

आता कशाला दुखवायचं, असं क्षणभर वाटलं. पण मी तीन बोटं दाखवली आणि टेबलावर टिचकी मारली. तिसऱ्या गाण्यात टक्‌टक् येत होतं.

मामू लहान मुलासारखे हसले. "माज्याच हातनं पडलाय तो वरखडा, लगीन झालं त्या साली. जात न्हाई. आल्यागेल्या समद्यांस्नी वाजवून दावतो, तर समदी म्हणत्यात, लय झकास!"

मग रेकॉर्ड पुसून पाकिटात घातली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"ही तुमी न्या. तुमास्नी ऐकू येती."