टेबलानं प्यायलेलं तेल

ते ओकचं टेबल काकूंच्या यजमानांनी गोव्यातल्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून आणलं. काकू म्हणजे देवबागला ज्यांच्या होमस्टेत मी काम करते त्या. खाऱ्या हवेनं टेबलाचं पॉलिश पापुद्र्यांनी सुटत होतं. अंगणात बसून मी ते पॉलिश पेपरनं घासलं, पार उघडं लाकूड लागेपर्यंत. पाहुण्यांची पोरं टेबलाला तोंड लावतात, म्हणून काकूंना वर केमिकल नको होतं. त्यांनी खोबरेल लावलं. टेबल चिकट झालं, खवट वास मारायला लागलं. ते पुसायला पुन्हा मीच.

पुसता पुसता तोंडातून निघून गेलं, "आमच्या वऱ्हाडात बैलगाडीला, दाराला जवसाचं तेल लावतात. वाळून घट्ट बसतं."

बोलायची काही गरज होती का? पण मला सारखी धाकधूक असते, आपला इथं उपयोग उरला नाही तर? शाळा आठवीत सुटलेली. काकूंच्याच खोल्यांच्या बांधकामावर आले, तापानं पडले, मुकादम सोडून गेला. तेव्हा काकूंनीच दवाखान्यात नेलं, मग घरात ठेवून घेतलं. ते विसरून कसं चालेल.

"तुज्या आवशीन धाडलला आसा मा गो ता तेल?" काकू म्हणाल्या. "हाड ती बाटली, लावन बघया."

"ते मी खाते, काकू."

"गाडयेक लावतत, ता तू खातंस?" त्या हसल्या. यजमानही हसले.

बाटली माझ्या पेटीत, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली. पाठवताना आई फोनवर म्हणाली होती, "पोरी, गावातला घाणा बंद झाला. हे शेवटचं. पुरवून खाजो." भाकरीवर तिखट आणि त्यावर चार थेंब, एवढंच मी घेत होते.

बाटली आणून दिली.

पहिला हात लावला, तो लाकडानं बघता बघता पिऊन टाकला. वरचं पुसून घ्यायचं, उन्हात वाळू द्यायचं, मग दुसरा हात. तिसऱ्या हाताला बाटली उपडी धरावी लागली. टेबल मधासारखं झालं, आतल्या रेघा वर आल्या. देखणं झालं, खोटं कशाला बोलू. त्या दिवशी मी साबण न लावता नुसत्या पाण्यानं हात धुतले आणि त्याच हातानं भात खाल्ला.

पुण्याचे पाहुणे टेबलावरून हात फिरवत होते. "हे आमच्या कोकणातलं उंडीच्या बियांचं तेल, जुनी पद्धत," काकू शुद्ध मराठीत म्हणाल्या. मी सोलकढीचे पेले मांडत होते. मांडून आत गेले.

संध्याकाळी त्या आल्या. "खुर्च्यांका पण होया गो. आवशीक सांग, आनी धाड म्हणान."

घाणा बंद झालाय, एवढंच सांगायचं होतं. मी हो म्हटलं.

रविवारी आईचा फोन आला. "तेल पुरून राह्यलं ना?"

"पुरून राह्यलं," मी म्हटलं.

जिन्याखाली सहा खुर्च्या घासून कोरड्या पडल्यात. पार्सल आलं का, काकू विचारतात. येईल, मी म्हणते, आणि खुर्च्यांवरची धूळ पुसते.