पवन्याच्या टेकडीचं उट्टं

झापवाडीत नवसाबाईविषयी बोलायचं असलं तर लोक आधी मागे वळून बघतात. ती जवळपास नाही ना, याची खात्री करून घेतात आणि मगच तोंड उघडतात. बासष्ट वर्षांची किडकिडीत बाई, हातात कायम काहीतरी धारेचं. नागीण डूख धरते असं म्हणतात. नागिणीचं कुणी पाहिलंय देव जाणे, पण नवसाबाईचा डूख अख्ख्या गावानं पंचवीस वर्षं पाहिला आहे. तो होता एका माणसावर आणि एका झाडावर. माणूस म्हणजे गावचे जुने सरपंच सावळीराम तात्या आणि झाड म्हणजे गिरीपुष्प.

नाशकाहून जाताना सिन्नरच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून जीपनं दहा मिनिटं आत गेलं की झापवाडी लागते. गावामागे एक लांबट टेकडी आहे, गावाच्या मालकीचं गायरान. तिच्यावर पूर्वी झाडं म्हणावीत अशी नव्हतीच, दोन-चार बोरी आणि एक वाकडा हिवर. होतं ते गवत. कमरेला लागणारं, वाऱ्यावर तांबूस दिसणारं पवन्या गवत. म्हशीला एकदा पवन्याची चव लागली की ती कडब्याकडे ढुंकूनही बघत नाही. आषाढापासून टेकडी चराईला बंद व्हायची, घरटी एक माणूस पाळीपाळीनं राखण करायचा आणि दिवाळीच्या तोंडावर, बी झडून गेल्यावरच, विळा लागायचा. ज्यानं राखण केली त्याला पेंढ्या, बाकीच्यांनी हात चोळत बसायचं. नवसाबाईच्या दारात तेव्हा सहा म्हशी होत्या आणि नवरा लहानू रोज सकाळी दुधाचे कॅन घेऊन एसटीनं नाशकाला जायचा.

मग तात्या सरपंच झाले आणि त्यांना टेकडी उघडी दिसायला लागली. सरकारी योजना आली, रोपं आली, आणि एका पावसाळ्यात अकरा हजार गिरीपुष्पं टेकडीवर लागली. कोकणात जिला उंदीरमारी म्हणतात तीच ही. भराभर वाढते, पाणी मागत नाही, जनावर तोंड लावत नाही. दाखवायला याहून सोयीचं झाड कुठलं? खड्डे खणायला गावातल्याच बाया रोजंदारीवर होत्या आणि त्यात सगळ्यात जास्त खड्डे खणले नवसाबाईनं. याची आठवण झाली की ती आजही स्वतःला शिव्या घालते.

पाच-सहा वर्षांत टेकडी हिरवीगार झाली. तात्यांना वृक्षमित्र म्हणून शाल मिळाली. झाडांखाली मात्र सावली दाटली, पाचोळा साचला आणि पवन्या मागे सरत सरत गेला. आधी उत्तरेचा उतार गेला, मग माथा, मग जवळजवळ सगळंच. नवसाबाईच्या म्हशी एकेक करून बाजाराला गेल्या. शेवटची म्हैस टेंपोत चढेना, तेव्हा लहानूनं तिच्या पाठीवर काठी मारली आणि मग तीच काठी मोडून टाकली. पुढे तो नाशकातल्या अंबडच्या एका कारखान्यात वॉचमन म्हणून लागला. नवसाबाई दुसऱ्यांच्या रानात कोथिंबिरीच्या जुड्या बांधायला जायला लागली.

तिनं ग्रामसभेत उभं राहून विचारलं होतं, "तात्या, टेकडीवरचं गवत ग्येलं. आता आमी गुरांना काय घालायचं?"

तात्या हसले. "नवसाबाई, लोक झाडं लावायला पैसे देतात आणि तू गवतासाठी रडती? अगं, गवत काय, कुठंबी उगवतंय."

सभा हसली. लहानूसुद्धा खाली बघून हसला, आणि त्याबद्दल नवसाबाईनं त्याला महिनाभर शिळी भाकरी वाढली. पण तात्यांना ती काय वाढणार होती? तिनं मनाशी एवढंच ठरवलं की या माणसाचं एकेक झाड आपल्या हातानं पाडायचं.

खोटं कशाला बोला, सुरुवात तिनं अगदी अडाण्यासारखी केली. कुऱ्हाड घेतली आणि रोज सकाळी सरपणाच्या नावाखाली दहा-दहा झाडं तोडली. दोन महिन्यांत दक्षिणेचा अर्धा उतार मोकळा झाला. नवसाबाई खुशीत होती. पाऊस पडला आणि प्रत्येक बुंध्याला सात-आठ धुमारे फुटले. एकाच्या जागी आठ. रक्तबीजाची गोष्ट तिनं कीर्तनात ऐकली होती, पण तो राक्षस आपल्याच टेकडीवर राहतो हे तिला ठाऊक नव्हतं. मग पुढच्या उन्हाळ्यात तिनं तिथे वणवा लावला. गिरीपुष्पाचं काही बिघडलं नाही. उरलासुरला पवन्या मात्र तिथेच जळून गेला आणि उघड्या पडलेल्या जमिनीवर पावसात घाणेरी उठली. वर्षभरात त्या उतारावर माणूस शिरेना अशी काटेरी जाळी झाली. करायला गेली गणपती, झाला मारुती. टेकडीचं जेवढं वाटोळं तात्यांनी केलं नव्हतं तेवढं तिनं दोन वर्षांत करून ठेवलं.

शिवाय ती पकडलीही गेली. तात्यांनी तिला पंचांपुढे उभं केलं. शिक्षा काय द्यावी? तात्या म्हणाले, जे मोडलं ते लावावं. गिरीपुष्पाच्या शंभर फांद्या तिनं सगळ्यांसमोर टेकडीवर लावायच्या. नवसाबाईनं लावल्या. रागानं त्यातल्या निम्म्या तिनं मुद्दाम उलट्या रोवल्या, शेंडा जमिनीत आणि बूड वर. त्यातल्याही कितीतरी फुटल्या. त्या दिवशी तिला पहिल्यांदा कळलं की आपला वैरी आपल्यापेक्षा हुशार आहे, आणि हे झाडाबद्दल, तात्यांबद्दल नव्हे.

त्यानंतर ती गप्प बसली. गाव म्हणालं, खोड मोडली. खोडबिड काही मोडलेली नव्हती. वर्षानुवर्षं ती टेकडीवर जाऊन नुसती बघत बसायची. ज्याच्याशी भांडायचं त्याचं खाणं, झोपणं, दुखणं माहीत पाहिजे. श्रावणात जमीन भिजली की लहान झाड मुळासकट उपसून येतं, हे तिनं पाहिलं. मोठ्याचा बुंधा जमिनीखाली वीतभर उकरून पहारीनं उलथला तर तो पुन्हा उठत नाही, हेही पाहिलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे जमीन मोकळी ठेवली तर आठ दिवसांत कुणीतरी तिथे बिऱ्हाड करतंच. घाणेरी नाहीतर गाजरगवत. रान रिकामं राहत नाही. वैऱ्याला हाकलायचं तर त्याच्या जागी आपलं माणूस बसवायला हवं, आणि ते बसेपर्यंत जागेवर राखण हवी.

त्याच सुमारास नाशिकच्या कॉलेजातली शुभांगी नावाची बाई टेकडीवर गवतं मोजायला आली. गिरीपुष्पाला गुलाबी फुलं आली की शहरातली पोरं मोटरसायकलवरून फोटो काढायला यायची, तसंच हेही एक पात्र असेल म्हणून नवसाबाईनं तिला आधी दगडच दाखवला होता. पण शुभांगी फुलांकडे न बघता गुडघ्यावर बसून माती बघत होती. दोघींचं जमलं. शुभांगीनं ग्रामसभेत कागद वाचून दाखवला. बाहेरचं झाड, दाट सावली, संपलेलं गवत, सगळं त्यात होतं. नवसाबाईनं वीस वर्षांपूर्वी याच सभेत जे सांगितलं होतं तेच ते, पण कागदावर होतं म्हणून सभेला पटलं. तात्यांनी विरोध केला. तरी दक्षिणेच्या उतारावर जाळी आणि झाडं उपटून गवत लावून बघायची परवानगी मिळाली.

"पण बी कुठून आणायचं, मावशी?" शुभांगीनं विचारलं. "इथला पवन्याच पाहिजे. बाहेरचा आणला तर तो इथे टिकेलच असं नाही."

बी कुठे आहे हे नवसाबाईला पक्कं माहीत होतं. गावाच्या टेकडीवर झाडं लावणाऱ्या सावळीराम तात्यांनी स्वतःच्या रानाच्या बांधावर मात्र एक झाड लावलं नव्हतं. तिथे त्यांच्या दोन गावठी गाईंसाठी पवन्या तसाच राखलेला होता, कमरेएवढा. हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा नवसाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला होता. आता तिनं तो राग गिळला, पदर खोचला आणि दसऱ्याला तात्यांच्या दारात जाऊन उभी राहिली.

"तात्या, बांधावरचं गवत कापायला कुणी लागंल का?"

तात्यांनी तिला खालवर पाहिलं. "तू? माझ्या रानात? आणि मजुरी काय घेशील?"

"मजुरी नको. पेंढ्या वाळवून उचलल्या की खळ्यात जो केर पडंल, त्यो मला द्या."

"केर?" तात्या मोठ्यानं हसले. "ने बाई, ने. डोक्यावर परिणाम झालाय तुझ्या."

तात्या गवत हिरवं असतानाच कापायचे, त्यामुळे बी झडायचं ते बांधावर नाही, खळ्यात. नवसाबाईनं ते केरसुणीनं गोळा केलं, पोत्यात भरलं आणि मान खाली घालून घरी नेलं. वाटेत तिला हसू आवरेना. तात्यांच्याच खळ्यातून तात्यांच्या झाडांचं मरण ती डोक्यावरून नेत होती आणि तात्या तिला वेडी म्हणत होते. इतकं सुख तिला शेवटची म्हैस विकल्यापासून झालं नव्हतं.

अशी तिनं चार वर्षं केर झाडला. बी शेणामातीत कालवायचं, वाळवायचं. श्रावणात जेवढी झाडं उपटायची, मृगाला तेवढीच जमीन पेरायची, वावभरही जास्त नाही, आणि मधल्या काळात घाणेरीचं रोप दिसलं की ते उपटायचं. सोबत अकरा बाया होत्या. भागुबाई, जी ग्रामसभेत सगळ्यात मोठ्यानं हसली होती, तीही होती. नवसाबाईनं तिला सगळ्यात खडकाळ तुकडा दिला. पहिल्या वर्षी विरळ काड्या आल्या. दुसऱ्या वर्षी निम्म्या उन्हानं जळाल्या. चौथ्या वर्षी दक्षिणेचा उतार तांबूस दिसायला लागला आणि भागुबाईच्या पायाखालून लाव्याची पिल्लं फुर्रकन उठली. गावानं जुना नियम पुन्हा लावला: राखण करील त्याला पेंढ्या.

मग गेल्या वर्षी तात्यांच्या मुलानं रस्त्याकडची जमीन गोदामाला दिली. बांध गेला, बांधाबरोबर पवन्याही गेला. तात्या आता अठ्ठ्याहत्तरचे. गोठ्यात त्याच दोन गाई, आणि मुलगा म्हणतो, वैरण विकत आणायची नाही, गाई देऊन टाका. यंदा दिवाळीच्या तोंडावर टेकडीवर विळे लागले, त्या सकाळी तात्या काठी टेकत वर आले. बाया कापायच्या थांबल्या.

"नवसाबाई," ते म्हणाले, "दोन गाईंपुरतं गवत दे."

या वाक्याची वाट तिनं पंचवीस वर्षं पाहिली होती. काय काय बोलायचं ते तिनं कितीदा घोकून ठेवलं होतं. जुड्या बांधताना घोकलं होतं, तात्यांच्या खळ्यात केर झाडताना घोकलं होतं. त्यातलं काहीच तिला आता पुरेसं वाटेना.

"तुमी राखण केली का, तात्या?"

"नाही."

"मग कसं देऊ? नियम हाय."

तात्यांनी दोन्ही हात काठीवर टेकले. नवसाबाईला त्यांची दया आली नाही. खरं तर तिला बरं वाटलं, पोटभर जेवल्यासारखं, आणि ते तिनं लपवलंही नाही. दगडाला टेकवलेली पहार तिनं उचलली आणि त्यांच्यापुढे धरली.

"उत्तरंच्या अंगाला तुमची झाडं अजून उभी हायती. एक बूड काढा, एक पेंढी न्या."

भागुबाई पुटपुटली, "अगं, म्हातारा माणूस हाय, मरंल."

तात्यांनी पहार घेतली. त्यांनी निवडलं ते झाड मनगटाएवढंही नव्हतं, तरी माती उकरायला त्यांना तासभर लागला. दोनदा ते बसले. एकदा त्यांनी पाणी मागितलं, ते नवसाबाईनं दिलं. शाल मिळालेल्या दिवशी याच उतारावर त्यांचा फोटो काढला होता. आता तिथेच ते मातीत गुडघे टेकून बुंध्याभोवतीची मुळं तोडत होते आणि नवसाबाई खडकावर बसून बघत होती. मदतीला उठावं असं एकदाही तिच्या मनात आलं नाही. उन्हं डोक्यावर आली तेव्हा बूड उलथलं. तात्यांनी ते दोन्ही हातांनी ओढत आणून तिच्या पायाशी टाकलं.

तिनं मोठीशी पेंढी निवडली, स्वतःच्या हातानं बांधली आणि त्यांच्या खांद्यावर ठेवली. शिवाय त्यांच्या खिशात मूठभर बी घातलं.

"खड्डा मोकळा ठिऊ नका," ती म्हणाली. "जाताना हे त्यात टाका आन् माती वढा. आत्ता नाय उगवणार, पण मृगापोतुर जागा धरून ऱ्हाईल."

तात्यांनी वाकून खड्ड्यात बी टाकलं, माती ओढली. उठताना त्यांनी विचारलं, "झालं ना आता? फिटला ना तुझा सूड?"

नवसाबाईनं उत्तरेच्या उताराकडे पाहिलं. माथ्यापासून ओढ्यापर्यंत गिरीपुष्पं दाटीनं उभी होती.

"आठ हजार ऱ्हायलीत, तात्या," ती म्हणाली. "उद्या जरा लवकर या. ऊन चढलं की पहार तापती."