तळाशी उरलेलं साखरपाणी

इस्पितळात तिला सगळे 'हलू नका बाई' म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तळमजल्यावरच्या एमआरआय विभागात ती टेक्निशियन होती. रोग्याला बोगद्यासारख्या मशीनमध्ये सरकवायचं, काचेपलीकडच्या खोलीत बसून स्कॅन घ्यायचा आणि अधूनमधून माइकवरून सांगायचं, "हलू नका. झालंच आता." यातलं 'झालंच आता' हे धादांत खोटं असे. निम्मंही झालेलं नसे. पण ती ते अशा सुरात म्हणे की आत पडलेल्या माणसाचा जीव भांड्यात पडावा. घरी झोपेतसुद्धा ती कधीतरी "हलू नका" म्हणे, आणि नवरा म्हणे, "अगं बाई, मी नुसता घोरत होतो."

भित्र्या माणसांना हाताळावं तर तिनेच. एकदा दारात मावणार नाही असा धिप्पाड गडी आला होता. मशीनचा आवाज ऐकून त्याला रडू फुटलं. तिने त्याच्या पायांवर पांघरूण घातलं आणि शेवटपर्यंत आत उभी राहून त्याच्या पायाचा अंगठा धरून ठेवला. नियमात असलं काही नव्हतं, पण स्कॅन स्वच्छ आला. रोग्याला सांभाळून घेतलं की स्कॅन बरा येतो, हे तिचं सगळं शास्त्र. त्यावर तिची नोकरी उत्तम चालली होती आणि त्यानेच तिचा घातही केला.

नवं मशीन आलं तेव्हा पहिल्या दिवसापासून तिच्या नाकी नऊ आले. जुनं मशीन शरीराच्या आतला नुसता आकार दाखवायचं. गाठ कुठे आहे, केवढी आहे, संपलं. नवं मशीन आतला मांसाचा तुकडा साखरेचं काय करतो ते दाखवायचं. रोग्याने उपाशीपोटी यायचं आणि मशीनला ओळखू यावी अशी खूण केलेल्या साखरेचं पाणी ग्लासभर प्यायचं. साधी पेशी साखर निवांत वापरते. रोगट पेशी अधाशासारखी खाते आणि मागे लॅक्टेट टाकते. धावून धावून दमलेल्या पायांत साठतं तेच हे लॅक्टेट. मशीन ते टिपायचं. पण टिपलेलं इतकं पुसट असे की माणसाच्या डोळ्याला त्यात नुसत्या मुंग्या दिसाव्यात. म्हणून कृत्रिम बुद्धीचं सॉफ्टवेअर जोडलं होतं. ढीगभर रोग्यांचे स्कॅन पाहून ते शिकलेलं होतं. त्या मुंग्यांतून ते रंगीत नकाशा काढून देई: निळं म्हणजे शांत, लाल म्हणजे रोग.

या सॉफ्टवेअरला विभागात 'जावई' म्हणत. त्याच्यासाठी खोली थंड ठेवावी लागे, त्याच्या वेळा सांभाळाव्या लागत आणि ते बोललं की सगळ्यांनी मान डोलवायची असे. मान डोलवण्यासारखंच ते बोले, हेही कबूल करायला हवं. मोठ्या डॉक्टरीणबाईंना जे आठवडाभर घोळवावं लागे, ते हा तासाभरात सांगे. त्याची अपेक्षा एवढीच की त्याला जे सांगाल ते खरं सांगा. स्कॅनच्या आधी पडद्यावर तो काही गोष्टी विचारी. रोग्याचं वजन किती? पोट रिकामं आहे? ग्लास पूर्ण संपला?

तर त्या मशीनच्या टेबलावर एक दिवस तिचे भाऊजी आले.

भाऊजी म्हणजे थोरल्या ताईचे यजमान. भाजीच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. आवाज असा की कोबीच्या ढिगामागे झोपलेला हमालही उठून बोली लावेल. आदल्या वर्षी त्यांच्या मेंदूतली गाठ काढली होती, मग किरणांचे उपचार झाले, आणि सगळं मार्गी लागलं असं वाटत असताना साध्या एमआरआयमध्ये त्याच जागी पांढरा डाग दिसला. तो किरणांनी भाजलेल्या जागेचा व्रण असेल, किंवा रोग परत आला असेल. साध्या स्कॅनमध्ये दोन्ही जुळ्या भावांसारखे दिसतात. व्रण असला तर हात लावायचा नाही. रोग असला तर पुन्हा डोकं उघडायचं, आणि डाग नेमका बोलण्याच्या केंद्राला खेटून होता. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नव्हता. "ऑपरेशन करावं लागलं तर बोलणं जाऊ शकतं."

ताईचा जीव टांगणीला लागला होता. भाऊजी मात्र विनोद करत होते. "मेव्हणीबाई, माझी जीभ गेली तर बाजारात मी काय करू? खाणाखुणा?"

आधी एकदा ते स्कॅनला येऊन तसेच परत गेले होते. औषधांमुळे मळमळ चालूच असे, आणि ते गुळमट पाणी पोटात ठरलं नव्हतं. या वेळी त्यांनी ग्लास तोंडाला लावला, निम्म्याच्या थोडं पुढे गेले आणि डोळे मिटून बसले. कपाळावर घाम.

"आता एक थेंब जरी गेला ना, सगळं बाहेर येईल बघ," ते म्हणाले. "पुन्हा परत नको पाठवूस. बाहेर तुझी ताई बसलीय. तिच्याच्याने आता होत नाही."

दुसरा कोणी रोगी असता तर तिने स्कॅन रद्द केला असता. पण हे भाऊजी. तिच्या लग्नात मांडवभर धावपळ केलेले, तिच्या पहिल्या बाळंतपणात रिक्षा मिळेना तेव्हा भाजीचा टेम्पो घेऊन आलेले. तिने उरलेलं पाणी बेसिनमध्ये ओतलं. जावयाने विचारलं, ग्लास पूर्ण संपला? तिने 'हो' दाबलं. सांभाळून घ्यायची सवयच तिची. त्या घडीला तिला त्यात काही वावगं वाटलंही नाही.

नकाशा निळाशार आला. डाग होता तिथे किंचितशी फिकट पिवळी कड, बस. जावयाने ठामपणे लिहिलं की हा व्रण असावा. डॉक्टरीणबाईंनी मान डोलवली. "ऑपरेशन नको. काही महिन्यांनी पुन्हा बघू."

ताईच्या घरी आनंदाला उधाण आलं. सगळ्यांना जेवायला बोलावलं होतं. भाऊजींनी जेवता जेवता वाढायच्या भांड्याचाच लिलाव केला आणि पोरं हसून हसून लोळली. ताई हसताना मध्येच पदराने डोळे पुसत होती. जेवणं झाल्यावर हात धुवायला भाऊजी आणि ती मोरीपाशी एकटेच होते. ते आवाज खाली आणून म्हणाले, "मेव्हणीबाई, ते पाणी उरलं होतं ना. त्यानं काही फरक पडत नाही ना?"

"छे हो," ती म्हणाली.

आणि त्या 'छे हो'ने तिला आतून पोखरायला सुरुवात केली. बटण दाबलं तेव्हा ती घाईत होती, मायेत होती. ते एक वेळ सोडून देता आलं असतं. पण हे ती उत्तर माहीत असताना बोलली होती. साखर कमी गेली म्हणजे रोगाला खायलाच कमी मिळालं. तो असला तरी मंद दिसणार. जावई बिचारा भरल्या ग्लासाच्या हिशोबाने बघत बसला होता. ती स्वतःची समजूत काढत राहिली. व्रणच असेल. इतका निळा होता नकाशा. काही महिन्यांनी स्कॅन आहेच. पण तोवर तिथे काय वाढून बसेल, हा विचार काही पाठ सोडत नसे.

आठवडा असाच गेला. मग एका सकाळी एक रोगी बाई ग्लास अर्धा ठेवून म्हणाली, "एवढं पुरे ना हो?"

"अजिबात नाही," ती कडाडली. "शेवटच्या थेंबापर्यंत. नाहीतर सगळा रिपोर्ट खोटा येईल."

आपलंच बोलणं तिने ऐकलं. त्या बाईचा स्कॅन तिने कसाबसा पार पाडला आणि सरळ डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेली. उभ्या उभ्याच सगळं सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी भाऊजींचा रिपोर्ट काढून पुढ्यात ठेवला. मग म्हणाल्या, "तुमच्या माणसाला सोपं व्हावं म्हणून तुम्ही मला आंधळं केलंत. मी त्यांना ऑपरेशन नको म्हणून सांगितलं. माझ्या तोंडाने सांगितलं."

"हो."

"त्यांना तुम्हीच सांगा. स्कॅन दुसरं कोणी घेईल. ग्लास मात्र तुम्ही द्यायचा आणि रिकामा होईपर्यंत समोरून हलायचं नाही."

नोकरी गेली नाही, पण काही काळ तिला मशीनवरून काढून नोंदणीच्या खिडकीत बसवलं. त्याचं तिला काही वाटलं नाही. वाटलं ते ताईचं. ताईने सगळं ऐकून घेतलं, हातातलं फडकं खाली ठेवलं आणि म्हणाली, "आठवडाभर मी झोपले गं. वर्षानंतर पहिल्यांदा झोपले. तेवढंही बघवलं नाही तुला?" मग जे तोंडात आलं ते बोलली. लहानपणापासूनचं सगळं काढलं. शेवटी म्हणाली, "या घरात पाऊल ठेवू नकोस." भाऊजी मध्ये पडायला गेले तर त्यांनाही गप्प केलं. ती जिना उतरली तेव्हा तिला पायऱ्या नीट दिसत नव्हत्या.

दुसऱ्या स्कॅनच्या दिवशी ताई बाहेरच्या बाकावर पाठ फिरवून बसली. आत भाऊजींनी ग्लास हातात घेतला. मळमळ होतीच. एक घोट, थांबायचं, पुन्हा एक घोट. तिने ओला रुमाल त्यांच्या कपाळावर धरला आणि या वेळी एकदाही 'झालंच आता' म्हणाली नाही. ग्लास संपला. भाऊजींनी तो पालथा करून दाखवला.

स्कॅन दुसऱ्या टेक्निशियनने घेतला. ती मागे भिंतीला टेकून उभी राहिली. जावयाने मुंग्या गोळा केल्या, निळं भरत आणलं, आणि मग बोलण्याच्या केंद्राशेजारी एक लहानसा लाल ठिपका उमटला. तो पुसट वगैरे काही नव्हता. तिला रडावंसं वाटलं. पण भाऊजी टेबलावरून उतरत होते, आणि कुणीतरी त्यांना चपला द्यायला हव्या होत्या.

"काय म्हणतो तुमचा जावई?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर सांगतील."

भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं. आयुष्यभर समोरच्याचा चेहरा बघून बोली वाढवणारा माणूस तो. "म्हणजे आहे," ते म्हणाले.

तिच्याने 'छे हो' म्हणवलं नाही. ती खाली वाकून चपला सरळ करत राहिली.

"ऑपरेशन लगेच?"

"लगेच नाही. तयारीला थोडे दिवस लागतील."

"तोवर बोलता येईल ना मला?"

"येईल."

ते पुन्हा टेबलाच्या कडेवर टेकले. मग म्हणाले, "बरं झालं वेळेवर कळलं. तुझ्या ताईशी बोलायचंय. दिवसभर बाजारात घसा फोडायचा आणि घरी आलो की हूं नाही की चूं नाही, असाच संसार झाला माझा. तिलाही वाटत असेल, याच्या पोटात आपल्याबद्दल काही आहे की नाही." त्यांनी डोळे पुसले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. दार बंद होता होता तिला दिसलं की ते ताईशेजारी बसले आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. भर इस्पितळात, लोकांसमोर. ताई गोंधळून इकडेतिकडे बघत होती.

ऑपरेशन झालं. गाठ लहान होती, सगळी निघाली. आणखी काही महिने ती तशीच राहिली असती तर काढता आली नसती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. भाऊजी वाचले. बोलणं मात्र गेलं. 'हो' येतं, 'नको' येतं, आणि ताईला हाक मारायचा तो एक शब्द येतो. बाकीचे ओठांपर्यंत येऊन अडतात, आणि भाऊजी ते शोधत बसतात.

ताईने अबोला सोडला नव्हता. ती इस्पितळात यायची, खिडकीसमोरून जायची, पण बघायची नाही. मग एका दुपारी ती खिडकीपाशी येऊन उभी राहिली.

"तुला बोलले ते मी परत घेणार नाही," ती म्हणाली. "तेव्हा मला तसंच वाटत होतं."

"नको घेऊस."

"ऑपरेशनच्या आधी ते मला जे म्हणाले ना, ते मी कुणाला सांगणार नाही. तुलाही नाही." तिने हातातली पिशवी बाकावर ठेवली. "रोज बोलत होते गं. दिवेलागणीला बसायचे आणि बोलायचे. पहिल्याच रिपोर्टवर राहिलो असतो, तर उद्या बोलू, परवा बोलू करत ते बोललेच नसते. मला कळलंच नसतं काही."

खिडकीमागे तिने हातातलं पेन खाली ठेवलं. ताईने नाक पुसलं, बाकावरची पिशवी बाजूला सारली आणि बसली.

"कधी सुटतेस?" तिने विचारलं. "थांबते मी. ते घरी तुझी वाट बघतायत."