मेलेल्या वासराचं वजन

फेब्रुवारी २००६, मंगळवार, दुपार. वादातली रक्कम सहाशे चाळीस युरो, म्हणजे आमच्या कंपनीचं व्हिजिटचं बिल. हजर तिघं: गोठ्याचे मालक हार्म, वाखनिंगनच्या शेती विद्यापीठातून आलेली संशोधक इनेका आणि मी. काटा बिघडलेला निघाला तर बिल आमच्या कंपनीने सोसायचं, चांगला निघाला तर इनेकाच्या प्रोजेक्टने भरायचं.

"बिलाचं सोड," इनेका म्हणाली. "काटा खोटा ठरला तर आतापर्यंतची सगळी वजनं फेकून द्यावी लागतील. शुक्रवारी मीटिंग आहे. वजनंच नाहीत म्हटल्यावर प्रोजेक्ट बंद, आणि ही जनावरं कत्तलखान्यात."

हार्म खिडकीबाहेर बघत राहिले. बाहेर धुक्याशिवाय काहीच नव्हतं.

मी इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर. बेस्ट नावाच्या डच गावातल्या एका कंपनीत वजनकाट्यांचं काम बघतो. काट्याच्या पोटात लोड सेल असतो. लोड सेल म्हणजे धातूचा एक ठोकळा. वजन पडलं की तो केसाएवढा वाकतो आणि त्या वाकण्यावरून आकडा मिळतो. हार्मच्या गोठ्यातून कुरणात जायच्या बोळात आमचा प्लॅटफॉर्म बसवला होता. प्रत्येक जनावराच्या कानात चिप असलेला पिवळा बिल्ला. जनावर बोळातून गेलं की अँटेना चिपचा नंबर वाचते, काटा वजन घेतो, आणि दोन्ही एका ओळीत कॉम्प्युटरवर येतात.

तक्रार अशी होती. ११७ नंबरचं वासरू जन्मलं तेव्हा सत्तावीस किलोचं होतं. तिसऱ्या दिवशी ते मेलं. डॉक्टर येऊन गेला, नोंद झाली, मेलेली जनावरं नेणारा ट्रक ते घेऊन गेला. त्यानंतर एका दिवसाने ११७ प्लॅटफॉर्मवरून गेलं. वजन एकेचाळीस किलो. तेव्हापासून ते रोज जात होतं, आणि त्याचं वजन वाढत होतं.

"कशाने मेलं ते?" मी विचारलं.

"थंडीने," इनेका म्हणाली. "यांच्यात ब्राह्मन रक्त आहे."

ब्राह्मन ही वशिंडाची अमेरिकन जात. तिचे पूर्वज आपल्याकडचे: गीर, कांकरेज, ओंगोल. पातळ केस, सैल कातडं, लोंबते कान. उन्हाला ही जात दाद देत नाही, म्हणून इकडच्या मांसाच्या गाईंशी तिचा संकर करून बघत होते. दोन वेगळ्या जातींचं वासरू बरेचदा आईबापांपेक्षा काटक निघतं. पण अशी वासरं ओल्या थंडीत जन्मली की काही वेळा सुस्त पडून राहतात, आचळाला तोंडच लावत नाहीत. थंड हवेत हे रक्त किती चालेल, निम्मं की पाव, हाच प्रोजेक्टचा प्रश्न होता. मेलेल्या वासराची आई निम्म्या रक्ताची होती.

"तुमच्याच देशातल्या आहेत," हार्म मला म्हणाले. "तुमचं ऐकतील कदाचित."

"मी पुण्याचा," मी म्हटलं. "माझा गाईशी संबंध दुधाच्या पिशवीपुरता."

ते हसले नाहीत.

मी प्रमाणित वजनं काढली आणि प्लॅटफॉर्मच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिली. काटा अगदी बरोबर होता. मग मनात आलं, मेलेल्या वासराचा बिल्ला अँटेनाजवळ कुठेतरी पडला असेल आणि दुसरंच जनावर जाताना वाचला जात असेल. गुडघ्यावर बसून मी सगळं गवत चाचपलं. काही नाही.

"बिल्ला कुठे आहे?" मी हार्मना विचारलं.

"त्याच्याबरोबर गेला," ते म्हणाले.

कुरणातून एक आवाज आला. म्हाताऱ्या माणसाने छातीतून खोकावं तसा. मी दचकलो.

"गाय आहे," इनेका म्हणाली. "ही जात हंबरत नाही, अशी घुमते."

धुक्यात आता मला त्या दिसल्या. राखाडी गाई गोल करून उभ्या होत्या, तोंडं बाहेरच्या बाजूला. वासरं आत असणार, कारण एकही दिसत नव्हतं. मी दोन पावलं पुढे गेलो. एकही गाय हलली नाही, पण सगळ्यांची डोकी माझ्याकडे वळली. मी परत फिरलो.

आम्ही आत कॉम्प्युटरपाशी बसलो. सहा वाजायच्या आधीच अंधारून आलं. बाहेर प्लॅटफॉर्मच्या पत्र्यावर खुरं वाजली, हलकी, लहान. बीप झाला. स्क्रीनवर ओळ आली.

११७. त्रेचाळीस किलो.

मी धावत बाहेर आलो. बोळ रिकामा होता. पत्र्यावर ओल्या खुरांचे ठसे होते आणि हवेत एक गोडसर, कुजका वास होता. इनेका माझ्यामागे येऊन उभी राहिली.

"आता सांग," ती हळूच म्हणाली. "काटा बिघडलाय ना?"

काटा बिघडला असता तर मलाही बरं वाटलं असतं. "नाही," मी म्हटलं. "आत्ता यावरून त्रेचाळीस किलोचं काहीतरी गेलं."

हार्म मागे खिडकीतच उभे होते. ते बाहेर आलेच नाहीत.

जेवताना घरी सगळं सांगितलं. मुलगी डचमध्ये म्हणाली, "एंग!" म्हणजे भीतीदायक. बायको मेधा कोल्हापूरकडची, घरी म्हशी होत्या. ती पोळी वाढता वाढता थांबली.

"आमच्याकडे रेडकू गेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढे ठेवायचे," ती म्हणाली. "त्याशिवाय ती पान्हा सोडायची नाही."

"पेंढा काट्यावरून चालत जात नाही, मेधा. आणि पेंढ्याचं वजन वाढत नाही."

"मग आत पेंढा नसेल."

माझा घास हातातच राहिला.

सकाळी ऑफिसला न जाता थेट हार्मकडे गेलो. धुकं कालच्यासारखंच होतं. मला एकट्याला बघून त्यांनी ओळखलं. चाऱ्याची बादली उचलली आणि कुरणात जाऊन ती वाजवली. गाईंचं कडं उघडलं आणि एक वासरू बाहेर आलं.

वरून ते राखाडी होतं. पाय मात्र काळेपांढरे. अंगावरचं कातडं त्याच्याबरोबर हलत नव्हतं, जरासं मागून येत होतं. पोटाखाली दोरीने बांधलेलं. त्याचं स्वतःचं तोंड काळंपांढरं आणि जिवंत होतं. मानेवर, स्वतःच्या कानांच्या मागे, आणखी दोन लांब कान लोंबत होते. वासराने कान टवकारले. मागचे दोन तसेच लोंबत राहिले. त्यातल्या एकात पिवळा बिल्ला होता.

"शेजाऱ्याच्या दूधगोठ्यातलं आहे," हार्म म्हणाले. "त्याच्याकडे चिपचे बिल्ले नाहीत, साधे असतात. आमच्याकडे पूर्वी असंच करायचे. पिल्लू मेलं की त्याचं कातडं पोरक्या पिल्लावर बांधायचे, म्हणजे आई जवळ घेते. इतर गाई शेपटीकडचा वास घेतात, तेवढा पुरतो. ही कानापर्यंत हुंगायची. म्हणून कान ठेवावे लागले."

"इनेकाला का नाही सांगितलं?"

"मेलेलं जनावर ट्रकला अख्खं द्यायचं असतं. मी सोललेलं दिलं, ताडपत्रीत गुंडाळून. आणि तिच्या प्रयोगात बाहेरचं वासरू घातलं." त्यांनी बादली खाली ठेवली. "ती गाय वासराजवळून उठेना. चारा सोडला. तो आवाज काल तुम्ही ऐकलात ना? तसा आवाज, सारखा. मला गाय तरी वाचवायची होती. तुम्ही हे रिपोर्टमध्ये लिहिणार?"

"वजनं बरोबर आहेत, हे लिहिणार. मग कोणाची, तेही लिहावं लागेल."

"मग सगळ्याच गाई गेल्या."

"उलट आहे," मी म्हटलं. "हे लिहिलं तर एका वासराच्या ओळी खोडल्या जातील. नाही लिहिलं तर काटा खोटा ठरेल आणि सगळ्याच ओळी जातील."

त्यांनी खिशातून मोबाइल काढून स्वतःच इनेकाला फोन लावला.

ती दुपारी आली. वासरू बघून आधी पांढरी पडली आणि मग लाल झाली.

"एका गाईसाठी, हार्म? एका गाईसाठी तू सगळा कळप घालवत होतास!"

"ती बोलावत होती."

"गाई बोलावतातच!"

"तू रात्री इथे झोपत नाहीस, इनेका."

"काढ ते," ती म्हणाली. "आणि वासरू शेजाऱ्याला परत दे."

हार्मनी दोरी कापली. कातडं सोडवून कुंपणावर टाकलं. वास असा आला की मी नाकाला मफलर लावला. काळंपांढरं वासरू उघडं, लहान दिसायला लागलं. गाय पुढे आली. तिने ते शेपटीपासून कानापर्यंत हुंगलं. आता लाथ मारणार असं मला वाटलं. तिने त्याला चाटायला सुरुवात केली.

मग ती त्याला दुसऱ्या गाईजवळ सोडून कुंपणापाशी गेली. कातड्याला नाक लावलं आणि तो खोकल्यासारखा आवाज काढला. जराशाने परत आली आणि वासराला पिऊ दिलं.

"तिला माहीत होतं," हार्म पुटपुटले. "रोज संध्याकाळी ती याला दुसरीजवळ ठेवून त्या जागी जायची, जिथे पहिलं मेलं. तिला सगळं माहीत होतं."

इनेकाने वासरू परत द्यायचं पुन्हा काढलं नाही.

शुक्रवारच्या मीटिंगमध्ये माझा रिपोर्ट चालला. ११७ च्या मरणानंतरच्या ओळी खोडल्या, बाकी वजनं ग्राह्य धरली, प्रोजेक्ट पुढे गेला. तेव्हापासून एक सवय लागली आहे. स्क्रीनवर नंबर दिसला तरी, काट्यावर कोण उभं आहे हे मी बाहेर जाऊन बघतो.

गोंधळ हार्मचा म्हणून प्रोजेक्टने बिल भरायला नकार दिला. सहाशे चाळीस युरो हार्मनी आमच्या कंपनीला दोन हप्त्यांत दिले. आणि शेजाऱ्याला वासराचे साठ युरो, रोख, त्याच संध्याकाळी.