आकारामांच्या डब्यातला शब्द

"बाई, एक इचारू का?" असं म्हणत आकाराम कांबळे पुस्तकांचं गाठोडं माझ्या टेबलाशेजारी ठेवायचे आणि माझ्या कपाळाला आठी पडायची. मी कॉलेजच्या लायब्ररीत सहायक होते. खिडकीपुढं पोरापोरींची ही रांग, आणि ह्या बाइंडरला मधेच कुठल्या तरी इंग्रजी शब्दाचा अर्थ हवा असायचा. खोटं कशाला बोलू, पुढं पुढं मी त्या प्रश्नाची वाटही बघायला लागले.

शनिवार पेठेत घराच्याच पुढच्या खोलीत त्यांचं दुकान होतं. वकिलांची, चर्चची, आमची, साऱ्यांची फाटकी पुस्तकं तिथं यायची. शाळा नववीतच सुटलेली, पण शिवण्याआधी पानांचा क्रम लावताना ते प्रत्येक पानाचा पहिला शब्द वाचत. एकदा वाचलेला शब्द पुन्हा दिसला की लगेच ओळखत.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात 'पॅशन' हा शब्द त्यांना एकाच आठवड्यात दोनदा भेटला. एकदा कायद्याच्या पुस्तकात, एकदा चर्चच्या.

"वकीलसाहेब म्हंत्यात, पॅशन म्हंजे रागाचा भर. त्या भरात मारामारीत माणूस मेला तर शिक्षा कमी हुती. आन चर्चच्या सिस्टर म्हंत्यात, पॅशन म्हंजे येशूनं सोसल्यालं हाल. मारणाऱ्याला आन मार खाणाऱ्याला एकच शब्द? कुठली तऱ्हा म्हणायची ही, बाई?"

मी आपलं पुस्तकी सांगितलं. प्रेम म्हणजेही पॅशन, वासना म्हणजेही, आणि एखाद्या कामाची जबर ओढ म्हणजेही. त्यानं त्यांचं समाधान कुठलं व्हायला! ते गावभर विचारत सुटले. कडा कापल्यावर उरणाऱ्या कागदी पट्ट्यांवर एकेक अर्थ लिहून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचे. तालमीचे वस्ताद हंबीरराव म्हणाले, "नाद. पोरगं नादाला लागलं की पाटं चारला आपसूक उठतंय." घरात बायकोला, शालूबाईंना, विचारलं तर त्या म्हणाल्या, "तुमास्नी झालंय त्येच की."

दोन महिन्यांनी ते निकाल घेऊन आले. "राग असू दे, हाल असू दे, न्हायतर नाद. ह्या समद्यात माणूस सोता कायबी करत न्हाय. त्येला त्ये हुतंय. ताप येतोय तसं."

मी कपाटातला जाडजूड कोश काढून शब्दाचं मूळ बघितलं. तिथं लिहिलं होतं, लॅटिन, सोसणे. मी थक्क झाले. एम.ए.ला दोन वर्षं घालवून मला हे कधी सुचलं नव्हतं.

पुढच्या फेब्रुवारीत तोच कोश खिळखिळा झाला म्हणून बाइंडिंगला दिला. सोमवारी तपासणी समिती येणार होती. आकारामांनी गुरुवारी कोश आणून दिला आणि शुक्रवारी इंग्रजीच्या एका सरांनी तो माझ्यापुढं उघडून धरला. एक पान गायब. नेमकं पॅशनचं.

माझं डोकंच फिरलं. मी आकारामांना बोलावून घेतलं आणि वीसेक पोरांसमोर फाडफाड बोलले. एरवी त्यांना 'तुम्ही' म्हणणारी मी शेवटी 'तू'वर आले. "शब्दांचं खूळ तुला कशाला? बाइंडरनं बाइंडिंग करावं!"

ते खाली बघत म्हणाले, "पान फाटल्यालं. सांधून वजनाखाली वाळाय ठेवलंतं. वाचाय म्हणून जवळ ठेवलं आन बाकीचं शिवून टाकलं. चूक माझी हाय."

"मग आता खळ लावून चिकटव आणि दे."

"चिकटवल्यालं वरीसभरात निघंल. उसवतो."

चौदाशे पानांचा कोश त्यांनी उसवला, पान जागेवर घातलं आणि सगळा पुन्हा शिवला. सोमवारी सकाळी समितीच्या आधी तो टेबलावर होता. कोश ठेवून ते निघून गेले.

त्यानंतर ते येत राहिले. गाठोडं ठेवायचं, गाठोडं उचलायचं. प्रश्न मात्र नाही. पाच आठवडे एकही नाही. मला लायब्ररी खायला उठली. कोणी शब्दांच्या मागं लागावं आणि कोणी लागू नये, हे मी त्या एका वाक्यात ठरवून टाकलं होतं. ते पान एखाद्या प्राध्यापकानं हरवलं असतं तर मी असं बोलले नसते. हे कळत होतं म्हणून तर जास्त लाज वाटत होती.

एका रविवारी मी दुकानात गेले. शालूबाईंनी चहा टाकला. मी आकारामांकडं डबा मागितला, एक कोरी पट्टी घेतली आणि लिहिलं, 'लायब्ररीतल्या बाई भर लायब्ररीत आकारामांना नाही ते बोलल्या. रागाच्या भरात. पॅशन.'

त्यांनी पट्टी सावकाश वाचली आणि माझ्यापुढं ठेवली. "ही ह्या डब्यात बसत न्हाय, बाई."

"का?"

"त्ये माणसाला हुतंय, माणूस करत न्हाय. तुमी बोललासा त्ये तुमचं तुमी बोललासा."

शालूबाई स्टोव्हपाशी थांबल्या. मला वाटलं होतं, ते म्हणतील, जाऊ द्या बाई, रागात हुतंय माणसाकडनं. मी तेच ऐकायला आले होते. मी पट्टीवरचे शेवटचे दोन्ही शब्दप्रयोग, 'रागाच्या भरात' आणि 'पॅशन', खोडले. डोळ्यांतलं पाणी लपवलं नाही.

"मी बोलले. मुद्दाम बोलले. चुकलं माझं."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. चहा आला. अर्धा कप संपला. मग त्यांनी शिवायला घेतलेलं एक पुस्तक जवळ ओढलं, एका पानावर बोट ठेवलं.

"बाई, एक इचारू का?"

"इचारा की," मी म्हटलं.