उजवा हात वर

मोहाडीत आमचं, मेश्रामांचं आणि बोरकरांचं अशी तीन घरं भिंतीला भिंत लावून आहेत. एका घरात हसू फुटलं की उरलेली दोन घरं चपला घालून हजर! अशा ठिकाणी किस्से गोळा करावे लागत नाहीत, धुळीसारखे आपसूक साचतात.

त्यात मेश्रामभाऊंची लेक स्नेहल घरून काम करायला पुण्याहून आली आणि येताना नाचाचा गेम घेऊन आली. टीव्हीपाशी कॅमेरा, आपल्या हातात काही नाही. आपण नाचायचं, मशीन बघून स्टार देणार. मात्र आधी एक हात डोक्याच्या वर न्यायचा. त्याशिवाय ते खेळात घेतच नाही!

*

पहिले सापडले बोरकर सर. शाळेत गणित शिकवतात. मी नाचत असताना गोंगाट ऐकून आले आणि टीव्हीपुढे येऊन हात वर करून ओरडले, "चूप बसा!"

मशीननं त्यांना खेळात घेतलं. सर हातवारे करत शिस्तीवर बोलत राहिले. गाणं संपलं तेव्हा मला दोन स्टार, सरांना चार!

सर म्हणाले, "पुन्हा लाव. पाचवा कसा देत नाही, पाहतोच!"

*

माझी आई कोंढा गावची, जन्म धानाच्या रोवणीत, चिखलात रोपं लावण्यात गेलेला. आई, माझी बायको आणि बोरकरबाई ओळीनं उभ्या राहिल्या. गाणं लागलं तशी आई कमरेत वाकली आणि एकेक पाऊल मागे सरकू लागली. तिचं बघून त्या दोघीही. थोड्या वेळानं टीव्हीवर कोणीच दिसेना. तिघी स्वयंपाकघरात पोचल्या होत्या!

"आजी, पुढे या!" स्नेहल ओरडली.

"पुढे कायले? लावलेला धान तुडवू का?"

*

खरी पंचाईत मेश्रामवहिनींची. त्यांचा उजवा खांदा जखडलेला. वेणी घालायला लेक लागायची, आणि ते त्यांच्या मनाला फार लागायचं. डॉक्टरांनी भिंतीवर बोटं चढवायला सांगितलं होतं. "पालीसारखी भिंतीवर चढू का?" म्हणून तो व्यायाम त्यांनी सोडला. पण मशीन आपल्याला घेत नाही म्हणजे काय!

एकदा मेश्रामभाऊंनी मागून त्यांचा हात धरून वर करायचा प्रयत्न केला. वहिनी कळवळल्या, भाऊंचा दुसरा हात घाबरून वर गेला आणि मशीननं भाऊंनाच घेतलं.

"मशीनले मीच आवडलो!" भाऊ म्हणाले आणि पूर्ण गाणं नाचले. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत.

*

स्नेहलनं समजावलं, "आई, डावा हात वर कर. चालते."

"डावा तं जातेच. मले उजवाच पायजे!"

मग रोज संध्याकाळी वहिनी टीव्हीपुढे. हात छातीपर्यंत आला, काही महिन्यांनी कानापर्यंत. डोळ्यांत पाणी यायचं, पण बाई हटायची नाही.

तेवढ्यात स्नेहलला ऑफिसनं परत बोलावलं. गेमही तिच्यासोबत जाणार!

*

निघायच्या दिवशी ऑटो दारात उभा. स्नेहल वायर काढणार तोच वहिनी म्हणाल्या, "थांब. एकदा."

हात कानाजवळ अडला. मग गेला वर! मशीननं घेतलं आणि आम्ही सगळे ओरडलो. गाणं सुरू झालं, पण वहिनी हात वर धरून तशाच उभ्या.

"वैनी, नाचा नं!"

"नाचाले डावा हाय!"

एकही स्टार मिळाला नाही. स्नेहल रडतच ऑटोत बसली. ऑटो वळणाआड गेला तरी रस्त्याच्या कडेला वहिनींचा निरोपाचा उजवा हात वरच.

मागून दुसरा ऑटो येऊन कचकन थांबला. "कुठी जाचं बाई?"

"कुठीच नाही," वहिनी म्हणाल्या. "तू जाय!"