क्षमेचं प्रकरण

“हे प्रकरण राहू द्या. माझंच अजून झालेलं नाही,” असं म्हणून आमचे सर चष्मा कपाळावर चढवत आणि सरळ पुढचं प्रकरण काढत.

बाळांनो, कॉलेजातून निवृत्त झाल्यावर ते दर रविवारी सकाळी डिंडोलीतल्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये सूफी विचार शिकवायला येत. मूळचे धुळ्याकडचे, त्यामुळे इथे परराज्यातही मराठी आमच्याइतकीच घरची. वर्गाला कापडाच्या लूमवरचे कामगार, दोन-तीन शिक्षक, माझ्यासारख्या आज्या. वेळापत्रक अर्थातच मी करायचे. तौबा म्हणजे पश्चात्ताप, सब्र म्हणजे धीर, शुक्र म्हणजे कृतज्ञता, ही प्रकरणं ते अशी उलगडत, की हातातला चहा गार व्हायचा. क्षमेचं प्रकरण आलं की मात्र चष्मा कपाळावर.

“सर, माझं वेळापत्रक!” एकदा मी रागावलेच.

“ताई, आमच्या मुर्शिदांची, म्हणजे गुरूंची, अट आहे. स्वतः केलं नाही ते शिकवायचं नाही.”

मागून एक लूमवाले भाऊ म्हणाले, “आन पेपरात आलं तर, सर?”

“येणारच आहे, भाऊ. मलाच येणार आहे.”

वर्ग हसला. ते हसले नाहीत.

कारण त्यांनी मला नंतर सांगितलं. आई गेली तेव्हा ते परगावी होते. गाडी उशिरा पोहोचली. रांदेरचे मोठे भाऊ थांबले नाहीत. दफन लवकर करायचं, हाच रिवाज. यांना आईला मूठभर मातीही देता आली नाही. तेव्हापासून भावाचं तोंड पाहिलेलं नव्हतं.

“भाईजान चुकला नाही, हे मी किताबात दाखवू शकतो, ताई. छातीत नाही दाखवू शकत.”

गेल्या हिवाळ्यात भावाला अर्धांगवायू झाला. ते कळलं त्या रविवारी सर वर्गावर आले, पण वाचताना सारखे अडखळत होते. पुढच्या रविवारी आलेच नाहीत. वर्ग ताटकळला. मी बाहेर जाऊन फोन लावला, जरा आवाज चढवूनच.

“माफ करा ताई, आज वर्ग नाही. रांदेरला आहे. भाईजानची नखं कापतोय. मूठ आखडलीय त्याची, एकेक बोट उघडावं लागतंय.”

मागून जडावलेला आवाज आला, “ठीक से काट, मास्टर!”

मी हॉलमध्ये येऊन सांगितलं, “सर आज क्षमेचं प्रकरण घेताहेत. रांदेरला, भावाच्या घरी.”

कोणीच उठलं नाही. शिक्षक समोर नसताना पूर्ण तास बसून राहिलेला वर्ग मी आयुष्यात तेवढाच पाहिला. आणि त्या वर्गात तुमची आजी होती.